बोधिसत्त्व बाबासाहेबांचे कोलंबियातले पहिले दिवस

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची ठरली की परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनपटाची पाने आधी राखून ठेवली जातात. महूचा जन्म, महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षा हा क्रम आपल्या वस्तीतल्या बालवाडीच्या पोरालाही पाठ आहे. चौदा एप्रिलला हिंगोलीच्या रस्त्यांवरून मिरवणूक निघते तेव्हा गाण्यांतूनसुद्धा हाच पट उलगडत जातो. यंदा आम्ही त्या पटातली फक्त तीन वर्षं घेणार आहोत, १९१३ ते १९१६. त्यातही पहिल्या काही महिन्यांवर जास्त वेळ थांबणार आहोत. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

असं करण्याला कारण घडलं. दोन वर्षांमागं आमच्याच वस्तीतल्या एका पोराचा पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला. घरात शिकणारा तो पहिलाच. विहारात त्याचा सत्कार झाला, पुष्पहार झाला, कुणी पेन दिला, कुणी पाचशे रुपये दिले. आणि महिना भरायच्या आत पोरगं परत. जेवण जात नाही, खोलीतली पोरं आपसात बोलतात पण याला धरत नाहीत, सर काय शिकवतात ते इंग्रजीमुळं कळत नाही, अशी त्याची कारणं. संध्याकाळी वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर चार वडीलधाऱ्यांनी त्याला गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत होते आणि तुला मेसचं जेवण जात नाही का, असा सगळ्यांच्या बोलण्याचा सूर होता. त्या चौघांत आम्हीही होतो, हे कबूल करायला हवं. पोरगं मान खाली घालून ऐकत राहिलं, एका शब्दानं उलट बोललं नाही.

घरी आल्यावर मात्र आम्हाला चैन पडेना. धनंजय कीरांचं चरित्र आणि चांगदेव खैरमोडे यांचे चरित्रखंड फडताळातून काढले आणि अमेरिकेची प्रकरणं पुन्हा वाचली. पूर्वी वाचली होतीच, पण अठरा तासांच्या अभ्यासाकडं धावत जाताना त्याच्या आधीची पानं आम्ही भराभर उलटली होती. या वेळी तिथं थांबलो आणि आमची आम्हालाच शरम वाटली. कारण न्यूयॉर्कला पोहोचल्यावर पहिल्या वसतिगृहात बाबासाहेब राहिले ते अवघा एक आठवडा. आणि ते सोडण्याचं कारण जेवण.

पण तिथवर जायच्या आधी ते कुठून निघाले ते थोडक्यात पाहू. १४ एप्रिल १८९१ चा जन्म. वडील रामजी मालोजी सकपाळ लष्करात सुभेदार, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. आई भीमाबाई लहानपणीच वारल्या आणि आत्या मीराबाईंनी सांभाळ केला. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यायचं आणि शाळा सुटली की तेच गुंडाळून परत आणायचं, कारण शाळेचा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावत नसे. पुढं मुंबईत परळच्या चाळीतली एक खोली. रात्री लवकर झोपायचं आणि दोन वाजता वडिलांनी उठवलं की दिव्याच्या उजेडात अभ्यासाला बसायचं. डोक्याशी जातं आणि पायाशी बकरी, असं त्या खोलीचं वर्णन कीरांनी केलं आहे. १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं भगवान बुद्धाचं चरित्र या मुलाच्या हाती दिलं. आपल्या विहाराच्या दृष्टीनं ही गोष्ट केवढी मोठी, हे वाचकांना सांगायला नको.

एल्फिन्स्टन कॉलेजात शिकण्यासाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना पंचवीस रुपये दिले. प्रोफेसर म्युलर यांनी पुस्तकं दिली, अंगावर घालायला कपडेही दिले. पण कॉलेजातला हॉटेलवाला त्यांना चहा काय, पाणीही देत नव्हता. म्हणजे वर्गात प्रोफेसर आपलं मानतात आणि वर्गाबाहेर तहान लागली तर गिळून बसायचं. कॉलेज नवं असो की जुनं, आपल्या पोराचा खरा पेपर वर्गाबाहेर असतो. हे आम्ही आमच्या अनुभवावरूनही सांगू शकतो आणि पुढं सांगणारही आहोत.

बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. सुभेदारांना ते पसंत नव्हतं. दोन आठवडे होतात न होतात तोच वडील आजारी असल्याची तार आली. मुंबईला येताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून भीमराव सुरतला गाडीतून उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा वडील शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदारांचं निधन झालं. ज्या बापानं पहाटे दोनला उठवून शिकवलं त्याच्यासाठी घेतलेली मिठाई हातात राहिली. आणि त्यानंतर पाच-सहा महिन्यांत हाच मुलगा सातासमुद्रापार एका नव्या विद्यापीठाच्या दारात उभा होता. घरी तरुण पत्नी रमाई, डिसेंबर १९१२ मध्ये जन्मलेला यशवंत, आणि संसाराचा भार थोरले बंधू आनंदराव यांच्यावर. वय बावीस. हे सगळं मनात घेऊन पोरगं निघालं होतं, हे विसरून चालणार नाही.

सयाजीरावांना त्या सुमारास काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवायचे होते. भीमरावांनी मुंबईत महाराजांची भेट घेतली, आणि त्यांची निवड झाली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. ४ जून १९१३ रोजी बडोद्याला करारावर सह्या झाल्या. ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार. पौंडाचा भाव त्या वेळी पंधरा रुपये धरला तर महिन्याला पावणेदोनशे रुपयांच्या आतबाहेर रक्कम होते, अमेरिकेच्या हिशेबानं छप्पन्न डॉलरच्या आसपास. त्यातच खाणं, राहणं, पुस्तकं आणि घरी पाठवायचे पैसे. रुपया आणि पौंडाच्या भावावर पुढं ज्यांनी जगन्मान्य ग्रंथ लिहिला, त्यांनी तो हिशेब आधी असा पोटाला चिमटा घेऊन शिकला होता.

आजकाल सहा महिने, वर्षभर असे एक्स्चेंजवर विद्यार्थी जातात. तिकडं घ्यायला कुणीतरी विमानतळावर येतं, मोबाइलवर रोज घरचं तोंड दिसतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्यावर आपल्या समाजातली मुलंमुली जातात, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. १९१३ सालच्या प्रवासाला यातलं काही नव्हतं. पत्र जायला आठवडेच्या आठवडे लागत. घरून चांगली बातमी आली तरी ती शिळी आणि वाईट आली तर रडायचीही वेळ निघून गेलेली.

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठ शहराच्या उत्तर भागात, मॉर्निंगसाइड हाइट्स नावाच्या उंचवट्यावर आहे. तिथल्या हार्टले हॉल या वसतिगृहात त्यांना प्रथम जागा मिळाली. इमारत तेव्हा आठ-नऊ वर्षांचीच, नवी कोरी म्हणावी अशी. परळच्या खोलीतून, जात्याच्या आणि बकरीच्या मधून उठून आलेल्या माणसाला पलंग, टेबल, दिवा असलेली खोली. आणखी काय पाहिजे, असं आपण म्हणू. पण जेवण मानवेना. अर्धवट शिजलेलं आणि गोमांसाचं. घरच्या तिखटमिठाची सवय असलेल्या जिभेला ते उतरेना. एका आठवड्यात त्यांनी हार्टले हॉल सोडला.

तिथून गेले ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये. विद्यापीठाच्या जवळच एकशे चौदाव्या रस्त्यावर परदेशी विद्यार्थ्यांची ही जागा होती आणि काही हिंदी विद्यार्थी तिथं आधीपासून राहत होते. आपल्याकडची बोली बोलणारं कुणीतरी, आपल्यासारखंच नवखं कुणीतरी जवळ असावं, ही ओढ माणसाला असतेच. आम्ही औरंगाबादला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी आमच्या हिंगोली-कळमनुरीकडचं कोण आहे हेच शोधत फिरलो होतो. कॉस्मोपॉलिटन क्लबातही भीमराव कायमचे टिकले नाहीत. तिसऱ्यांदा बिऱ्हाड हललं ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, हार्टले हॉलच्या शेजारीच. या इमारतीचं नाव आता वॉलेक हॉल आहे. तिथं नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याच्या सोबत ते राहू लागले आणि तिथं त्यांचं मन लागलं.

वाचकहो, तीन जागा. एक आठवडा एकीत, मग दुसरी, मग तिसरी. आम्ही लहानपणापासून भाषणं ऐकली, पण बाबासाहेबांनी खोली बदलली हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नसेल. थोर पुरुषाच्या चरित्रात खाण्यापिण्याच्या तक्रारी कशाला, असं वाटलं असेल. पण ज्याला आज घर सोडून जायचं आहे त्याच्या कामाची गोष्ट हीच आहे.

आणखी एक गोष्ट आपण भाषणातून गाळतो. पहिले काही महिने भीमरावांचा अभ्यास नीट सुरूच झाला नाही. चरित्रकारांनी हे लपवलेलं नाही. नव्या मित्रांबरोबर भटकणं, नाटकं पाहणं, बर्फावर घसरगुंडीचे खेळ, बॅडमिंटन, गप्पा, यांत दिवस जात होते. ज्याला शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलं, त्याला पहिल्यांदाच सगळ्यांच्या बरोबरीनं हसताखेळता येत होतं. हॉटेलात गेलं तर वेटर ताट पुढं ठेवतो, टेबलावर स्वच्छ कापड, बाजूला कोण बसलं आहे याची कुणाला पर्वा नाही. न्हाणीघरात आपल्यामागून येणारा पाणी विटाळलं म्हणत नाही. बावीस वर्षांत जे एकदाही मिळालं नव्हतं ते रोज तिन्हीत्रिकाळ मिळायला लागल्यावर माणूस थोडे दिवस नुसता त्यातच रमून गेला तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण? आम्हाला तर वाटतं, ते महिनेही वाया गेले नाहीत. बरोबरीनं बसण्याची चव एकदा जिभेला लागली ती कायमची. पुढच्या सगळ्या लढ्यांत ही चव होती.

याच काळात त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं. आपल्या समाजानं मुलांबरोबर मुलींनाही शिकवलं तर आपली प्रगती झपाट्यानं होईल, असा त्याचा आशय. स्वतःचं बस्तान अजून बसायचं होतं, तरी डोळ्यांसमोर गावाकडच्या पोरीबाळी होत्या.

मग एका रात्री झोप उडाली. घरची माणसं कशा हालांत दिवस काढताहेत, महाराजांनी कशासाठी पाठवलं, तीन वर्षांतले किती महिने गेले, हे सगळं डोळ्यांपुढं आलं आणि त्यांनी स्वतःला आवरलं. त्यानंतरची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. अठरा तासांचा अभ्यास तो इथून सुरू होतो. आम्हाला एवढंच दाखवायचं होतं की तो पहिल्या दिवसापासून नव्हता.

सुरू झाला तो मात्र असा, की वाचून छाती दडपते. कोलंबियाच्या नोंदींवरून त्यांनी घेतलेले अभ्यासक्रम मोजले गेले आहेत. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन एकेक. पदवीला जेवढं लागतं तेवढंच घ्यायचं हा विचारच नव्हता. इतकं मोठं ताट पुन्हा कधी वाढलं जाईल याचा भरवसा नाही, म्हणून मिळेल ते खाऊन घ्यावं, अशी ती भूक होती. प्रोफेसर एडविन सेलिग्मन अर्थशास्त्राचे, जॉन ड्यूई तत्त्वज्ञानाचे, जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि शॉटवेल इतिहासाचे, गिडिंग्ज समाजशास्त्राचे, गोल्डनवायझर मानववंशशास्त्राचे. त्या काळी साऱ्या जगात नाव असलेली ही माणसं. सेलिग्मन सरांकडं भीमराव एकदा संशोधनाची पद्धत विचारायला गेले. सरांनी पद्धत काही सांगितली नाही. मनापासून काम करत राहा, तुझी पद्धत तुलाच सापडेल, एवढा सल्ला देऊन वाटेला लावलं. आमच्या एका मास्तरांचीही हीच तऱ्हा होती. तेव्हा राग यायचा.

जेवणाला त्यांनी फार खर्च केला नाही. कॉफीचा कप, दोन मफिन म्हणजे एक प्रकारचे गोडसर पाव, आणि मासे किंवा मटणाची एखादी प्लेट. उरलेल्या पैशांतून काही घरी जायचे आणि काही जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी दोन हजारांच्या आसपास जुनी पुस्तकं जमवली. खिशात छप्पन्न डॉलर असलेल्या विद्यार्थ्यानं दोन हजार पुस्तकं घ्यायची म्हणजे किती वेळा पोट मारलं असेल याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

लाला लजपतराय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते आणि तिथल्या हिंदी विद्यार्थ्यांना स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढत होते. आंबेडकरांशीही त्यांची बोलणी झाली. भीमरावांनी अभ्यास सोडून त्यात उतरायचं नाकारलं. महाराजांना शब्द दिला आहे तो आधी पुरा करायचा, हे त्यांचं म्हणणं. यावरून काही लोकांनी पुढं त्यांना दूषणं दिली. दुसऱ्याच्या पैशावर शिकायला गेलेल्या गरिबाच्या पोराची अडचण त्यांना कधी कळलीच नाही.

जून १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापार या विषयावरच्या प्रबंधावर एम. ए. मिळाली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात कशी उपजली, कशी फैलावली आणि तिचं यंत्र आतून कसं चालतं याचा उलगडा करणारा हा निबंध. वय पंचवीस. आपसांत लग्न करण्याचं बंधन हे जातीचं मूळ, हा त्यातला मुद्दा आजही अभ्यासक सोडू शकलेले नाहीत. ज्या मुलाला साताऱ्यात कोपऱ्यात बसवलं, तो न्यूयॉर्कच्या प्रोफेसरांपुढं उभा राहून त्या कोपऱ्याचं शास्त्र समजावून सांगत होता. पुढच्या वर्षी हा निबंध इंडियन अँटिक्वेरी या मासिकात छापून आला. पीएच.डी.साठी केलेलं काम हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचं. त्यात पुढं भर पडून १९२५ साली ग्रंथ निघाला आणि पदवी रीतसर १९२७ मध्ये मिळाली.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अर्ध्यावर परत यावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजानं निघाली होती, ते जहाज पाणतीराच्या हल्ल्यात बुडालं. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात उपाशी राहून जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाला गेली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईला उतरले.

आणि करारानुसार बडोद्याला गेले. हा भाग सगळ्यांना माहीत आहे, तरी इथं सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण कोलंबियाची तीन वर्षं त्याशिवाय पुरी होत नाहीत. स्टेशनवर घ्यायला कुणी आलं नाही. राहायला जागा कुणी दिली नाही. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नावानं नोंद करून राहावं लागलं. कचेरीत शिपाई लांबूनच कागद टेबलावर फेकत. प्यायला पाणी मिळत नसे. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि त्यांना बाहेर काढलं. दोन ओळखीच्यांकडं आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री होती, तोवर कोलंबियाचा हा पदवीधर एका बागेत बसून होता. पाच वर्षांच्या परदेशवासानं आपण अस्पृश्य आहोत ही गोष्ट मनातून पुसूनच गेली होती, बडोद्याला उतरल्यावर ती पुन्हा समोर आली, असं त्यांनी पुढं स्वतः लिहून ठेवलं आहे.

आम्ही हे वाचताना नेहमी लिव्हिंग्स्टन हॉलची ती खोली आठवतो. परक्या मुलखात एका पारशी पोरानं आपल्या जोडीला घेतलं आणि आपल्या मुलखात पारशांच्याच घोळक्यानं हाकललं. त्यात जातीधर्माचा दोष काढत बसण्यात अर्थ नाही. नवल भथेना यांनी मैत्री शेवटपर्यंत निभावली. परत आल्यावर शिकवण्या मिळवून दिल्या, आणि १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं लंडनचं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब निघाले तेव्हा पाच हजार रुपये उसने दिले. त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांनीही हात दिला. एम. एस्सी., डी. एस्सी., बॅरिस्टर या पदव्या त्यातून आल्या. वसतिगृहातल्या एका मित्राची किंमत कुणी मोजावी?

बाबासाहेबांनी स्वतः ती मोजली होती असं आम्हाला वाटतं. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये निघाली आणि तिच्या पहिल्या कामांतलं एक म्हणजे जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला उघडलेलं वसतिगृह. शाळा सरकारच्याही होत्या, पण शाळेच्या गावी रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर शाळा काय कामाची, हे बडोद्याच्या बागेत बसलेल्या माणसाला सांगावं लागत नव्हतं. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये स्थापन झाली. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ कॉलेज झालं. आणि मग त्यांची नजर आपल्या मराठवाड्याकडं वळली.

आपला हा भाग निजामाच्या राज्यात. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला तेव्हा आपल्या समाजात सही करणारा माणूस शोधावा लागे. अशा मुलखात १९ जून १९५० रोजी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेबांनी कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला मिलिंद हे नाव आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिलिंद आणि उत्तर देणारे भदंत नागसेन, दोघंही एकाच आवारात. आणि कॉलेजच्या जोडीला वसतिगृह.

आमच्यातले तिघं त्याच आवारात शिकले. १९७२ च्या दुष्काळानंतरची गोष्ट. हिंगोलीहून छोट्या लाईनच्या गाडीनं पूर्णा, तिथं गाडी बदलून औरंगाबाद. पत्र्याची पेटी, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा. आमच्यापैकी एकाला वसतिगृहात जागा मिळायला उशीर झाला म्हणून त्यानं आधी गावातल्या एका गल्लीत खोली पाहिली. घरमालकानं भाडं ठरवलं, पेटी आत ठेवली, मग आडनाव विचारलं, आणि पेटी बाहेर आली. तो रात्रभर स्टेशनवर बसून राहिला. सकाळी नागसेनवनात आला तेव्हा वरच्या वर्गातल्या एका पोरानं आडनाव, गाव काही न विचारता आपल्या खाटेशेजारी सतरंजी टाकून दिली. आम्ही तिघंही पहिल्या दोन महिन्यांत एकदा तरी गाडीचं वेळापत्रक पाहायला स्टेशनवर गेलो होतो. हे आजवर आम्ही एकमेकांनासुद्धा सांगितलं नव्हतं. हा लेख लिहायला बसलो तेव्हा निघालं.

कोलंबियाची गोष्ट अजून थोडी राहिली. ५ जून १९५२ रोजी विद्यापीठानं बाबासाहेबांना एल.एल.डी. ही सन्मानाची पदवी दिली. त्यासाठी ते न्यूयॉर्कला पुन्हा गेले, एकोणचाळीस वर्षांपूर्वी खोल्या बदलत फिरलेल्या त्याच आवारात. सेलिग्मन सर १९३९ मध्येच गेले होते. ड्यूई सरांना भेटायची फार इच्छा होती. ते १ जूनला वारले, शिष्य वाटेत असताना. सुरतेच्या स्टेशनापासून हे त्यांच्या नशिबी होतं, वेळेवर निघायचं आणि माणूस हाती लागायचा नाही.

आमच्या वस्तीतला तो पोरगा. त्याच्या घरी जाऊन आम्ही कीरांचं ते प्रकरण त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि ओट्यावर जे बोललो त्याबद्दल माफी मागितली. त्यानं काही म्हटलं नाही, पान मात्र दोनदा वाचलं. वर्ष तर गेलंच होतं. पुढच्या जूनला तो पुन्हा पुण्याला गेला. यंदा दिवाळीला आला तेव्हा सांगत होता, पहिली खोली सोडली, आता बसमतकडचा एक पोरगा आणि तो असे दोघं मिळून राहतात, डबा लावला आहे, पण डबेवाली तिखट कमी घालते. आईनं त्याच्या पेटीत काळ्या मसाल्याची बरणी ठेवून दिली.